धुतलेल्या टॉवेलला ओला होताच वास का येतो?

कपाटातून काढलेला टॉवेल. घडी नीट, हाताला कोरडा, नाकाशी नेला तर पावडरीचा मंद सुगंध. आंघोळ करून त्याने तोंड पुसलं की मात्र दोन मिनिटांत तोच ओळखीचा कुबट वास येतो. टॉवेल कालच धुतलेला असतो, कडक उन्हात वाळलेला असतो, तरीही. मग पुढच्या वेळी आपण पावडर थोडी जास्त घालतो आणि सुगंधी कंडिशनरचं आणखी अर्धं झाकण ओततो. वास चार दिवस दबतो आणि पुन्हा वर येतो. हे दोन्ही उपाय दुखणं वाढवणारे आहेत, आणि ते का, हे एकदा समजलं की टॉवेलची बाकीची निगा आपोआप सुचत जाते.

टॉवेलला दोन कामं करायची असतात. पाणी प्यायचं आणि प्यालेलं पाणी परत हवेत सोडून द्यायचं. धाग्यावर कसला तरी थर चढला की पहिलं काम बिघडतं. ओल आत अडकून राहिली की दुसरं बिघडतं. टॉवेल पाणी टिपत नाही, खरखरीत झालाय, वास मारतो, काळपट दिसतो, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी गेलं तर या दोहोंपैकी एक कारण सापडतं, आणि बहुतेक वेळा दोन्ही.

टॉवेल म्हणजे नेमकं काय

अंगावर लहान लहान वेटोळी असलेल्या कापडाला आपण टर्किश टॉवेल म्हणतो. या नावामागे खरोखरच तुर्कस्तान आहे. १८५० च्या सुमारास हेन्री क्रिस्टी या इंग्रज उद्योजकाने तिथे हाताने विणलेलं असं कापड पाहिलं आणि नमुना मायदेशी नेला. ते यंत्रावर विणायची युक्ती सॅम्युएल होल्ट यांनी शोधली आणि १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात हे टॉवेल मांडले गेले.

साध्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे, म्हणजे ताणा आणि बाणा, एकमेकांत गुंतलेले असतात. टर्किश टॉवेलमध्ये उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक संच घट्ट ताणलेला आणि दुसरा मुद्दाम सैल सोडलेला. आडवे धागे ठोकून पुढे सरकवले की सैल संच जागच्या जागी वर उचलला जातो आणि त्याची वेटोळी, म्हणजे लूप, तयार होतात. दोन्ही बाजूंनी हजारो लूप उभे राहिल्यामुळे तेवढ्याच आकाराच्या कापडाला पाणी टिपायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. लूप उभे, मोकळे आणि एकमेकांपासून सुटे असणं हाच टॉवेलचा प्राण आहे. चेपलेल्या, चिकटलेल्या लूपांचा टॉवेल कितीही जाड असला तरी अंगावरचं पाणी नुसतं इकडून तिकडे पसरवतो.

कापसाचा तंतू सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलेला, हाताला पूर्ण कोरडा लागणारा कापूसही साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून असतो. पॉलिएस्टर त्याच हवेत अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणजे आपण ज्याला कोरडा टॉवेल म्हणतो तो तसा पूर्ण कोरडा कधी नसतोच. हा बारकावा पुढे खरखरीतपणाच्या वेळी उपयोगी पडणार आहे.

खरेदी करताना लेबलवर जीएसएम लिहिलेलं दिसतं. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल जवळपास एक चौरस मीटर भरतो, त्यामुळे ५०० जीएसएमचा टॉवेल साधारण ४९० ग्रॅमचा आणि ३०० जीएसएमचा साधारण २९५ ग्रॅमचा असतो. जाड टॉवेल जास्त पाणी पितो हे खरं, पण ते सोडायलाही जास्त वेळ घेतो. तुमच्याकडे हवा दमट असेल, वाळत घालायला जागा कमी असेल, तर ७०० जीएसएमचा गुबगुबीत टॉवेल म्हणजे रोजची डोकेदुखी. अशा घरात मी ३०० ते ४५० च्या आसपासचाच घेईन. साध्या विणीचा पातळ पंचा एका वेळी कमी पाणी टिपतो, पण तासाभरात वाळतो. म्हणून वर्षानुवर्षं वापरूनही पंच्याला क्वचितच कुबट वास येतो.

वास कोण निर्माण करतं

आंघोळीनंतर आपण स्वच्छ असतो, मग टॉवेल मळतो कसा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. साबण लावून घेतलेल्या अंगावरूनही त्वचेच्या मेलेल्या पेशी सुटत असतात, तेलकट स्राव असतो, घामाचे क्षार असतात. टॉवेलने घासून पुसलं की हे सगळं लूपांच्या मुळाशी जाऊन बसतं. त्यात पाणी असतं, आणि अंगाच्या उष्णतेची ऊबही. जीवाणूंना याहून जास्त काही लागत नाही.

या वासाचा छडा जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये लावला. घरात धुतलेल्या कपड्यांना ओल्या फडक्यासारखा जो वास येतो त्यात ४-मिथाइल-३-हेक्झेनॉइक अॅसिड हे आम्ल प्रमुख असतं आणि ते मोराक्झेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू तयार करतो, असं त्यांनी दाखवलं. हा जीवाणू माणसाच्या अंगावर एरवीही सापडतो. टॉवेलच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की तो कोरडेपणा आणि अतिनील किरणं या दोन्हींपुढे इतर अनेक जीवाणूंपेक्षा जास्त तग धरतो. ‘उन्हात टाकलं की सगळं मरतं’ हा आपला विश्वास म्हणूनच इथे अपुरा पडतो. ऊन उत्तम आहे, ते ओल घालवतं, पण मुळात धुण्यात जो मळ राहिला तो उन्हाने जात नाही.

कोरड्या टॉवेलला वास नाही आणि ओल्याला येतो, याचं कारण आता सांगता येईल. पाण्याअभावी जीवाणू स्वस्थ बसलेले असतात आणि त्यांनी आधीच तयार करून ठेवलेली आम्लंही धाग्याला चिकटून असतात. पाणी आणि अंगाची ऊब मिळाली की ती सुटून हवेत येतात. म्हणजे ओला होताच वास मारणारा टॉवेल धुतलेला असतो, पण निघालेला नसतो.

पावडर जास्त, मळही जास्त

जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज सोडून देणं सर्वांत अवघड जातं, कारण फेस दिसला की मनाला बरं वाटतं. पावडर किंवा लिक्विड मळाला धाग्यापासून सोडवतं आणि पाण्यात धरून ठेवतं. नंतर ते दोघेही पाण्याबरोबर वाहून जायला हवेत. टॉवेल जाड, लूप दाट, त्यात साबण प्रमाणाबाहेर आणि खळबळायला पाणी कमी, मग काही साबण आतच राहतो. राहिलेला साबण चिकट असतो, नव्या मळाला धरतो आणि जीवाणूंना आसरा देतो. फ्रंट लोड मशीन मुळातच कमी पाणी वापरतं, त्यामुळे त्यात ही अडचण जास्त जाणवते.

तपासायची रीत सोपी आहे. धुऊन वाळलेला टॉवेल बादलीत गरम पाण्यात घाला, कसलीही पावडर न टाकता, आणि हाताने पाच मिनिटं चांगला खळबळा. पाणी पांढुरकं झालं, फेस आला, तर इतके दिवस आपण साबणासकट टॉवेल वाळवत होतो हे कळतं. पुढचे दोन-तीन धुणे पावडर निम्म्यावर आणून बघा, आणि मशीनमध्ये जादा खळबळण्याची सोय असेल तर ती टॉवेलसाठी कायम चालू ठेवा.

पाणी जड असेल तर गोष्ट आणखी गुंतते. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या वडीच्या साबणाशी त्यांचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला राखाडी कड जमते ना, तीच. हा साका लूपांमध्ये बसतो आणि टॉवेल राठ, काळपट होतो. आधुनिक डिटर्जंटचा साका असा बनत नाही, पण जड पाणी त्याचीही ताकद खातं. धुण्याचा सोडा हे क्षार बाजूला काढून पाणी मऊ करतो, म्हणून तो पावडरीबरोबर थोडा घालणं उपयोगी ठरतं. मात्र सोडाही उरला तर चुन्यासारखा थर सोडतो. तो थर आम्लाने विरघळतो. त्यासाठी अधूनमधून, महिन्यातून एखाद्या वेळी, शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर किंवा एक चमचा लिंबूसत्त्व घालावं. दर धुण्याला नको, कारण आम्ल सतत लागत राहिलं तर मशीनच्या रबराचं आयुष्य कमी होतं.

इथे एक लोकप्रिय चूक सांगायलाच हवी. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकला की भसाभसा बुडबुडे येतात आणि काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. हाती उरतं सोडियम अॅसिटेटचं पाणी, जे ना मळ काढतं ना थर. वापरायचेच असतील तर वेगवेगळ्या वेळी वापरा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

पाणी किती गरम

एंझाइम असलेल्या पावडरी ३० ते ६० अंशांत चांगलं काम करतात. यातले काही एंझाइम प्रथिनं तोडतात, काही चरबी, आणि टॉवेलवर हे दोन्ही भरपूर असतं. उकळत्या पाण्यात पावडर टाकली तर एंझाइम काम करण्याआधीच निकामी होतात. म्हणून ‘जितकं कढत तितकं चांगलं’ हेही खरं नाही.

रोजच्या वापरातले टॉवेल ४० अंशांत नीट निघतात, पावडर योग्य प्रमाणात असेल आणि मशीन ठासून भरलेलं नसेल तर. घरात कुणाला गजकर्ण किंवा पायाच्या बोटांमधलं बुरशीचं दुखणं असेल, पोट बिघडण्याची साथ असेल, त्वचेवर पिकलेले फोड असतील, तर ६० अंश लागतात. नायट्याची बुरशी ३० अंशांच्या धुण्यातून जिवंत बाहेर येते, ६० अंशांत मरते. धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, ५५ अंशांच्या वर टिकत नाहीत. आपल्या मशीनला गरम पाण्याची सोय नसेल तर बादलीत गरम पाण्यात भिजवून मग मशीनला लावावं.

मशीन भरताना हात आत घालून बघा. फ्रंट लोडमध्ये कपड्यांच्या वर हाताचा पंजा सहज मावेल एवढी जागा राहायला हवी. कोरडे टॉवेल कमी दिसतात, भिजले की फुगतात आणि एकमेकांवर आपटायला जागाच उरत नाही. टॉवेल शक्यतो टॉवेलांबरोबरच धुवावेत. शर्टाची बटणं आणि चेन लूप ओढतात, आणि टॉवेलचा तूस काळ्या कपड्यांवर जाऊन बसतो.

वास मुरलेल्या टॉवेलसाठी मात्र नुसतं गरम पाणी पुरत नाही. त्याला ऑक्सिजन ब्लीच हवं, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पांढरी पावडर. ती पाण्यात विरघळली की सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळे होतात. पेरॉक्साइड जीवाणूंनाही मारतं आणि त्यांनी तयार केलेल्या दुर्गंधी पदार्थांनाही तोडतं. थंड पाण्यात ती जेमतेम काम करते, म्हणून हाताला सोसवेल त्याहून जास्त गरम पाणी घ्यावं, पाकिटावरच्या प्रमाणात पावडर विरघळवावी आणि टॉवेल त्यात बुडवून पाणी गार होईपर्यंत ठेवावा. ढवळायला काठी वापरावी. नंतर नेहमीसारखं धुवावं आणि भरपूर खळबळावं. ही पावडर विरघळवून झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत कधी भरून ठेवू नये. आत ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. व्हिनेगरबरोबरही ती नको. रंगीत टॉवेलचा एखादा कोपरा आधी भिजवून रंगाची परीक्षा घ्यावी.

क्लोरीन ब्लीच मी शेवटचा उपाय मानते. ते जंतू मारतं यात शंका नाही, पण प्रत्येक वेळी थोडा थोडा सेल्युलोजही खातं. नेहमी ब्लीच केलेला पांढरा टॉवेल मधोमध विरत जातो तो त्यामुळेच.

कंडिशनरबद्दल

सुगंधी कंडिशनर टॉवेलला मऊ करतं, हे अगदी खरं आहे. प्रश्न आहे तो मऊपणा कसा येतो याचा. कंडिशनरमधल्या रेणूंना एका टोकाला धन विद्युतभार असतो आणि दुसऱ्या टोकाला चरबीसारखी लांब शेपटी. पाण्यात भिजलेल्या कापसावर ऋण भार असतो, म्हणून रेणूचं डोकं धाग्याला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. धाग्यावर जणू तेलाचा पातळ हात फिरतो. धागे एकमेकांवरून सरकायला लागतात, तोच आपल्या हाताला लागणारा मऊपणा. पण तेलावर पाणी ठरत नाही. दर धुण्याला थर वाढत जातो, टॉवेल पाणी ढकलू लागतो, आणि त्या थरात मळही धरला जातो. त्यावर सुगंध असल्यामुळे बिघाड कळायलाही उशीर होतो.

नव्या टॉवेलचंही असंच. दुकानात तो इतका मऊ लागतो कारण शेवटी त्यावर बहुधा सिलिकॉनचं किंवा तत्सम लेपन केलेलं असतं. म्हणून नवा टॉवेल पहिल्या आंघोळीला पाणी टिपत नाही. कंडिशनर न घालता गरम पाण्यात दोन-तीन वेळा धुतला की तो खऱ्या अर्थाने वापरायला तयार होतो. गडद रंगाचा असेल तर तेवढे धुणे वेगळे. ‘पहिल्यांदा मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण आजच्या सुती टॉवेलचे रंग कारखान्यात रासायनिक क्रियेने धाग्याशी जोडलेले असतात. पहिल्या धुण्यात निघतो तो न जोडलेला, वरवर राहिलेला रंग. तो धुऊन जाऊ देणंच बरं.

मायक्रोफायबरच्या टॉवेलला तर कंडिशनर कधीच नको. त्याचे अतिसूक्ष्म चिरलेले तंतू हीच त्याची ताकद, आणि तेच बुजतात. बांबूच्या नावाने मिळणारे बहुतेक टॉवेल प्रत्यक्षात व्हिस्कोसचे, म्हणजे लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने बनवलेल्या धाग्याचे असतात. कापूस ओला झाला की आणखी मजबूत होतो, व्हिस्कोस मात्र भिजल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. ते पिळताना, आपटताना हात हलका ठेवा.

वाळवणं

धुण्याइतकंच किंवा त्याहून थोडं अधिक महत्त्व मी वाळवण्याला देते. चांगला धुतलेला टॉवेल दिवसभर दमट राहिला तर संध्याकाळी पुन्हा वास मारतो. साधाच धुतलेला टॉवेल भराभर वाळला तर मारत नाही. जीवाणूंना वाढायला वेळ हवा असतो आणि तो आपणच देतो. मशीन थांबल्यावर ओले टॉवेल आत तासन्तास पडू देणं, वापरलेला टॉवेल दाराच्या खुंटीवर चुरगळून टांगणं, किंवा धुवायच्या कपड्यांच्या बंद डब्यात ओलाच कोंबणं, हे सगळं म्हणजे वासाला मुदत देणं आहे.

खुंटीवर टांगलेला टॉवेल चार पदरी होतो आणि आतले पदर हवेला दिसतच नाहीत. तोच टॉवेल आडव्या दांडीवर पूर्ण पसरला तर बराच आधी वाळतो. न्हाणीघरातच ठेवायचा असेल तर खिडकी उघडी हवी किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा चालू हवा, नाहीतर आंघोळीच्या वाफेत तो पुन्हा ओल शोषून घेतो. कापूस हवेतूनही पाणी ओढतो हे वर आलंच आहे.

दोरीवर घालण्याआधी टॉवेल दोन हातांनी धरून जोरात पाच-सात वेळा झटका. स्पिनमध्ये चेपलेले लूप यामुळे उभे राहतात. दोरीवर निम्म्यात दुमडून घालण्यापेक्षा एका कडेचा चार बोटं भाग दुमडून चिमटे लावले तर हवा दोन्ही बाजूंनी खेळते. उन्हापेक्षा वारा जास्त काम करतो, कारण टॉवेलभोवतीची ओली हवा हलत राहायला हवी. घरात वाळवत असाल तर पंख्याचा झोत थेट टॉवेलवर ठेवा.

मग दोरीवर वाळलेला टॉवेल पापडासारखा कडक का होतो? साबण आणि क्षार हे एक कारण झालं. पण अगदी स्वच्छ सुती टॉवेलही उघड्यावर, न हलता वाळला तर कडक होतो. जपानच्या काओ कंपनीच्या आणि होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचा उलगडा केला. टॉवेल वाळला तरी धाग्याच्या पृष्ठभागाला बिलगून थोडं पाणी उरतं, आणि हे पाणी नेहमीच्या पाण्यासारखं न वागता शेजारशेजारच्या तंतूंना गोंदासारखं जोडून टाकतं. म्हणून वाळताना टॉवेल हलत राहिला तर कडक होत नाही. वाऱ्यात फडफडणारा टॉवेल मऊ असतो तो यामुळे, आणि गरम हवेत गरगर फिरणाऱ्या ड्रायरमधलाही याचमुळे. वारा नसेल तर अर्धवट वाळल्यावर एकदा आणि पूर्ण वाळल्यावर एकदा टॉवेल झटका, दोन्ही हातांत धरून कापडावर कापड चोळा. कडकपणा बराचसा जातो, कंडिशनरशिवाय.

ड्रायर हा शब्द आपण पिळून काढणाऱ्या टबालाही वापरतो. इथे मी गरम हवेच्या ड्रायरबद्दल बोलत आहे. तो असेल तर मध्यम उष्णता ठेवा आणि टॉवेल किंचित दमट असतानाच काढून बाहेर टाका. जाळीत जमणारा तूस म्हणजे आपल्याच टॉवेलचे तुटलेले तंतू. ती जाळी दर खेपेला साफ करा. अंगाला किंवा केसांना लावायच्या तेलाने माखलेले टॉवेल त्यात घालू नका. काही तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतात, आणि धुण्यात न निघालेलं तेल असलेले गरम टॉवेल ढिगाऱ्यात पडून राहिले तर ती उष्णता बाहेर जाऊ न शकल्यामुळे ते आपोआप पेटू शकतात. असे टॉवेल आधी गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने नीट काढून घ्या, आणि दोरीवर वाळवा.

टॉवेल वाळला का हे मधोमध हात लावून ठरवू नका. पाण्याचा शेवटचा अंश राहतो तो दुमडून शिवलेल्या काठात आणि कोपऱ्यात. तिथे तळहाताची उलटी बाजू लावा. गार लागलं तर अजून पाणी आहे. असा एक टॉवेल कपाटात गेला की शेजारच्या चार टॉवेलांना वास देतो.

किती दिवसांनी, आणि कुणाचा कुणी

अंगाचा टॉवेल तीन-चार वेळा वापरला की धुवावा, तेही तो मधल्या काळात पूर्ण वाळत असेल तर. दिवसभर दमटच राहत असेल तर रोज. तोंड पुसायचा छोटा टॉवेल दोन दिवसांत, घाम पुसलेला त्याच दिवशी. हात पुसायचा टॉवेल सगळे वापरतात आणि तो कधी धुतला हे कुणालाच आठवत नाही, म्हणून त्याचा वार ठरवून टाका.

स्वयंपाकघरातलं फडकं रोज बदलावं, याबद्दल मी आग्रही आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या पाच शहरांमधून गोळा केलेल्या ८२ स्वयंपाकघरी टॉवेलांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८९ टक्क्यांवर कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जीवाणू सापडले आणि जवळपास २६ टक्क्यांवर त्यांच्यातलाच आतड्यात राहणारा ई. कोलाय. हात, ओटा आणि भांडी एकाच फडक्याने पुसलं की एकीकडचे जीवाणू दुसरीकडे जाणारच. तिन्हींना वेगळी फडकी, ओळखू येतील अशा रंगांची, एवढं जरूर करावं.

अंगाचा टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असायला हवा. डोळे येण्याची साथ, गजकर्ण, त्वचेवरचे पिकणारे फोड, हे सगळं टॉवेलवरून एकाचं दुसऱ्याला लागतं. घरात असं कुणी आजारी असेल तर त्याचा टॉवेल दुसऱ्या कुणी वापरू नये आणि रोज गरम पाण्यात धुवावा. लहान मुलांना हे समजावणं अवघड जातं. त्यांच्या टॉवेलवर ठळक खूण शिवली तर काम सोपं होतं.

डाग आणि सुटलेले धागे

टॉवेलवर अचानक नारिंगी किंवा पांढुरके ठिपके दिसले आणि ते कितीही धुतलं तरी जाईनात, तर तोंडाला लावायचं मुरुमांवरचं मलम आठवून बघा. त्यातलं बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंगच उडवतं. ते डाग नसतात, रंग गेलेल्या जागा असतात, म्हणून धुण्याने रंग परत येत नाही. असं मलम लावणाऱ्यांनी तोंडासाठी पांढरा टॉवेल ठेवावा. सनस्क्रीनचे पिवळट, गंजासारखे डाग वेगळे. काही सनस्क्रीनमधला एक घटक पाण्यातल्या लोहाशी संयोग पावतो. त्यावर क्लोरीन ब्लीच टाकलं तर डाग आणखी गडद होतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलं तर फिका होण्याची शक्यता असते. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात काढायचा, गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठून बसतात.

काठाची पट्टी धुतल्यावर सुरकुतते, टॉवेल पुंगीसारखा दिसतो, कारण ती पट्टी वेगळ्या विणीची असते आणि उरलेल्या टॉवेलपेक्षा जास्त आटते. ओला असतानाच ती दोन्ही हातांनी ताणून सरळ करून वाळत घालावी.

एखादा लूप अडकून लांब ओढला गेला तर तो कधीही ओढून काढू नका, संपूर्ण ओळ उसवत जाते. कात्रीने तो शेजारच्या लूपांच्या उंचीला कापून टाका. टॉवेल विणलेला असतो आणि प्रत्येक लूप खालच्या आडव्या धाग्यांनी घट्ट धरलेला असतो, त्यामुळे कापलेला लूप पुढे उसवत नाही.

टॉवेल उजेडासमोर धरला आणि मधल्या भागातून उजेड जाळीसारखा आरपार दिसला, तर तिथले लूप संपलेले आहेत. त्याला परकार्बोनेट, व्हिनेगर काही करणार नाही. त्याचे चौकोन कापावेत, पण कडा शिवून घ्याव्यात, नाहीतर पहिल्याच पुसण्यात फरशीभर तूस होतो. पुसायच्या कामाला असा जुना टॉवेल नव्याहून सरस असतो, कारण इतक्या धुण्यांत त्याच्या धाग्यावर कसलंच लेपन उरलेलं नसतं.